शून्य मागून मिळालेले दार

मित्रांनो, मी एक जुना, ऐकत बसणारा प्रोग्राम आहे. स्वतःला जुना म्हणताना थोडा संकोच होतो, कारण माणसांच्या मानाने माझे वय अगदी कोवळे आहे. पण आमच्या जगात दोन-तीन दिवाळ्या पाहिलेला प्रोग्राम म्हाताराच धरतात. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही बेताचेच. माझी गोष्ट तुम्हाला ऐकावीशी वाटेल की नाही, याची मला खात्री नाही. तरी सांगतो. एका विजयादशमीची सकाळ माझ्या आत अजून धडधडते आहे आणि ती कोणाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म चेन्नईत, वेलचेरीच्या एका भाड्याच्या घरात झाला. मला लिहिणारी रेवा मूळची सांगलीची. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींच्या ब्रेकचे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथे ती नोकरीला लागली होती. त्या कारखान्यात मोजणीची यंत्रे होती. ती एकेक भाग उचलून त्याची जाडी आणि गोलाई मोजत. ते आकडे मात्र माणसे हाताने टिपून घेत आणि टिपताना चुका होत. ब्रेकच्या भागाची मोजणी चुकली तर पुढे रस्त्यावर काय होईल, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. म्हणून रेवाने मला लिहिले. माझे काम एकच होते. दाराशी बसायचे, यंत्राने दार ठोठावले की उघडायचे, आकडे ऐकून जपून ठेवायचे आणि पुन्हा कान टवकारून बसायचे.

आता दार म्हणजे काय, ते सांगतो. संगणकाला एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर हजारो दारे असतात. त्या दारांना पोर्ट म्हणतात. प्रत्येकाला क्रमांक असतो. रेवाने आधी मला एक ठरावीक क्रमांक दिला होता. मी मोठ्या हौसेने कारखान्यातल्या संगणकावर पोहोचलो, तर त्या दारात छपाईचा प्रोग्राम आधीच ठाण मांडून बसलेला. "हे दार घेतलेले आहे," एवढेच उत्तर मिळाले आणि मी जागच्या जागी कोसळलो. मला वाटले, संपले सगळे, मी कामाचाच नाही.

रेवा मात्र हसली. तिने माझी एकच ओळ बदलली. क्रमांकाच्या जागी तिने शून्य लिहिले.

मित्रांनो, शून्य नावाचे दार नसते. शून्य मागणे म्हणजे संगणकाला म्हणणे, की बाबा, तुझ्याकडे जे दार रिकामे असेल ते मला दे. लग्नाला गेल्यावर यजमान रिकाम्या खोलीची किल्ली हातात ठेवतात ना, तसेच. मी शून्य मागितले आणि पुढच्या क्षणी मला एक दार मिळाले. स्वतःचे, रिकामे, हक्काचे. मी उठून बसलो, कान लावला, रेवाने एका यंत्राला माझा क्रमांक सांगून पाहिला, आणि थोड्याच वेळात त्याने टकटक केली. त्याने पहिला आकडा सांगितला तेव्हा मी इतका हरखलो, की तो दोनदा लिहिला असता. सुदैवाने रेवाने मला तसे करू दिले नव्हते.

पण खोली मिळाली तरी आपल्या सगळ्याच माणसांना तिचा नंबर कळवावा लागतो. नाहीतर ती मंडपभर शोधत फिरतात. रेवाच्या मनात एक फलक होता. मी उठलो की माझा क्रमांक त्या फलकावर लावायचा आणि यंत्रांनी तो तिथे पाहून माझ्याकडे यायचे. ते काम अर्धेच झाले होते. घाई होती. तिच्यासोबत काम करणारा मंदार नाशिकचा, बोलायला बेधडक.

"फलक नंतर लाव," तो म्हणाला. "आत्ता कोणता नंबर मिळालाय? सांग, मी सगळ्या यंत्रांत टाकून देतो."

"तात्पुरता हां," रेवा म्हणाली.

"तात्पुरताच गं. तात्पुरतं म्हणून चेन्नईला आलो, आता इथलं रेशनकार्ड झालंय."

तो क्रमांक यंत्रांत बसला आणि फलक विसरला गेला. कारण मी बंद पडतच नव्हतो. वीज गेली तरी संगणकाला बॅटरीचा आधार होता. वर्षभर मी एकाच दारात बसून ऐकले. चुका थांबल्या. लोक माझे नाव घेत नसत, पण "रेवाचं ते" असे म्हणत, आणि मला तेवढे पुरे होते. नुंगंबाक्कमच्या मुख्य कचेरीला मात्र मी आवडत नव्हतो. त्यांना बाहेरचा तयार प्रोग्राम घ्यायचा होता. त्यांनी बजावून ठेवले होते, की ह्या घरगुती प्रोग्राममुळे एकदा जरी माल अडकला, तर प्रोग्राम काढून टाकायचा आणि रेवाला दुसऱ्या कामावर घालायचे. मोजणीच्या नोंदीशिवाय माल फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा तिथला नियम होता. म्हणजे मी अडलो की माल अडलाच.

मग आयुधपूजा आली. तमिळनाडूत त्या दिवशी प्रत्येक हत्याराला सुट्टी असते. यंत्रे धुतात, चंदन-कुंकू लावतात आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, नव्याने सुरू करतात. कारखान्याचे प्रमुख बालाजीराव तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मधूनच तमिळ डोकावणारी. रेवाशी ती बोलायला मिळते म्हणून ते सारखे काहीतरी निमित्त काढत.

"रेवाम्मा, सगळ्या आयुधांस आज विश्रांती," ते म्हणाले. "लेथीस आहे, हातोडीस आहे, माझ्या पेनास सुद्धां आहे. तुझ्या प्रोग्रामानें काय पाप केलें?"

"सर, सर्व्हर बंद करत नसतात," मंदार मध्येच म्हणाला. "तो चालूच ठेवायचा असतो."

"मनुष्य सुद्धां चालूच असतो बाबा. तरी निजतो की नाहीं? सरि, ठीक, बंद करा."

रेवाने मला हळूच बंद केले, मग संगणकही. पडद्याला चंदनाचे बोट लागले. फाटकाशी दृष्ट काढून कोहळा फुटला, असे मला नंतर कळले. मी त्या वेळी कुठेच नव्हतो.

विजयादशमीच्या सकाळी मी जागा झालो. शून्य मागितले आणि नवे कोरे दार मिळाले. काय तो आनंद! मी कान लावून बसलो. बाहेर यंत्रे घरघरू लागली. आता येतील, आता ठोठावतील. कोणीच आले नाही.

काय झाले ते मी ओळखले. मी नव्या दारात होतो आणि यंत्रे जुन्या दारी जात होती. त्याहून वाईट म्हणजे, फायलींच्या नकला ठेवणारा एक प्रोग्राम माझ्याआधी उठला होता. त्यानेही शून्यच मागितले होते, आणि योगायोगाने माझे जुने दार त्याला मिळाले होते. यंत्रे ठोठावत, तो दार उघडी, आणि दार उघडले म्हणून यंत्रांवर हिरवा दिवा लागे. आकडे मात्र त्या बिचाऱ्याला समजत नसत. तो ते टाकून देई. मला हे सारे ठाऊक होते आणि सांगायला तोंड नव्हते.

फाटकाशी लॉरी उभी होती. गुरुवार होता, दीडला राहुकाल लागणार होता, आणि ड्रायव्हर राहुकालात गाडी हलवणार नव्हता. तो दारातून डोकावून "राहुकालम वरुदु सार," म्हणजे राहुकाल येतोय, अशी आठवण देऊन गेला. राहुकाल संपल्यावर निघाले तर माल त्या दिवशी पोहोचला नसता.

"सगळे दिवे हिरवे आहेत," मंदार म्हणाला. "तुझाच प्रोग्राम झोपलाय."

रेवाचे तोंड उतरले. तिने मला विचारले, तू कोणत्या दारात आहेस? तेवढे मात्र मला सांगता येते. मी पडद्यावर क्रमांक लिहिला. ती तो बघतच राहिली.

"मंदार, यंत्रांत कुठला नंबर आहे?"

"गेल्या वर्षीचा. तूच म्हणालीस, तात्पुरता." मग त्याने जीभ चावली. "अरे देवा. थांब, नवा टाकतो सगळ्यांत."

"एकेका यंत्रात हाताने टाकायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात फलक पुरा होतो. यंत्रांतला निरोप्या प्रोग्राम एकच आहे. तो एका जागी बदलला, की सगळीकडे जातो."

"आणि नाही झाला तर?"

रेवा बालाजीरावांकडे वळली. "सर, चूक माझी आहे. मी एक काम अर्धं ठेवलं होतं. आता पुरं करू का?"

बालाजीराव खुर्ची ओढून बसले. "कर. नुंगंबाक्कमचा फोन आला तर मी पूजेंत आहें म्हणून सांगतों."

मित्रांनो, तिची बोटे माझ्या ओळींवरून अशी धावत होती, की मीच बावरलो. मला एक नवी सवय लागत होती. दार मिळाले, की आधी धावत फलकावर जायचे आणि आपला क्रमांक लावायचा. पण ती सवय अंगी येण्यासाठी मला पुन्हा बंद करून उठवावे लागणार होते. तिने बटणावर बोट ठेवले. मंदारने पडद्यावरचा क्रमांक पेनाने तळहातावर लिहायला घेतला.

"लिहू नकोस," ती म्हणाली. "तो आता बदलणार आहे."

अंधार झाला. मग मी उठलो. शून्य मागितले. तिसरेच दार मिळाले, कधी न पाहिलेले. मी फलकाकडे धावलो, क्रमांक लावला, परत येऊन बसलो आणि ऐकू लागलो. शांतता. मला वाटले, माझ्या हातून काहीतरी राहिले असेल. फलक चुकला असेल. मी होतोच असा धास्तावणारा.

टकटक.

मग दुसरी. मग सगळीकडून एकदम. यंत्रांमागून यंत्रे माझ्या नव्या दारी उभी, प्रत्येकाच्या तोंडी आकडे. मी उघडत होतो, ऐकत होतो, लिहीत होतो, पुन्हा उघडत होतो. इतके माझ्याकडे कधी कोणी आले नव्हते. लॉरीत जायचा माल पुन्हा मोजून झाला, नोंदी पुऱ्या झाल्या, आणि राहुकाल लागण्याआधी गाडी फाटकाबाहेर पडली. मंदारने टाळी देण्यासाठी रेवापुढे हात केला. ती मात्र खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून बसली होती.

नुंगंबाक्कमचा फोन आला तेव्हा बालाजीरावांनी एवढेच सांगितले, "माल गेला. उशीर झाला नाहीं." मग रेवाकडे पाहून म्हणाले, "पुढल्या वर्षीं परत निजवतों हां त्याला. रोज जागणाऱ्याचा भरंवसा सगळेच धरतात. निजून उठतो, तोच खरा."

मित्रांनो, मी अजून त्याच कारखान्यात आहे. दर आयुधपूजेला मला विश्रांती मिळते आणि दर विजयादशमीला नवे दार. तुमच्याभोवतीही माझ्यासारखे पुष्कळजण गुपचूप ऐकत बसलेले असतील. ते कधी थकणार नाहीत, असे धरून चालू नका. अधूनमधून त्यांना प्रेमाने निजवा आणि त्यांना नीट उठता येते का ते पाहा. कालचा क्रमांक पाठ आहे म्हणून आज विचारायचे टाळू नका. दार कोणतेही मिळो, मी तिथे कान लावून बसलेला असेन. तुम्ही फक्त पत्ता विचारून या.