लाल चोचीचा नर

माझ्या बायकोनं, गंगम्मानं, पांढऱ्या फिंच पक्ष्यांची एक जोडी पाळली होती. पांढऱ्या फिंचमध्ये नर-मादी रंगावरून कळत नाहीत, चोच बघावी लागते. नराची गडद लाल, मादीची फिकी नारिंगी. आणि गातो तो नरच. हे मला तिनंच सांगितलं होतं.

मागच्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. ती खाटेला लागली तेव्हा पिंजरा मी तिच्या उशाशी टांगला. नर दिवसभर गायचा आणि ती ऐकत पडायची. माझी कारखान्यात रात्रपाळी. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यायचं. दुपारी जी काय झोप मिळायची, ती हा पक्षी मोडायचा.

एकदा ती औषधानं झोपली असताना मी नराला बुटाच्या खोक्यात घातलं आणि उमरग्याला पक्ष्यांच्या दुकानात गेलो.

"याच्या बदल्यात न गाणारा द्या," म्हणालो.

दुकानदार हसला. "मग मादी न्या मामा. लोक गाणारा मागतेत, तुमचं उलटंच हाय."

संध्याकाळी गंगम्मानं विचारलं, "आज गाईना व्हय ह्यो?"

"पिसं गळायलीत त्याची. गाईल."

ती पिंजऱ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. तुम्ही पडा जरा."

मी पडलो. फार चांगली झोप लागली, हेही खरंच सांगतो.

त्यानंतर ती तीन महिने जगली. पिंजऱ्यातल्या मडक्यात अंडी वाढत गेली, पिल्लू एकही निघालं नाही. तिनं पुन्हा काही विचारलं नाही. तिला कळलं नाही, असं मी धरून चाललो.

ती गेल्यावर महिन्यानं तिच्या बहिणीची मुलगी शुभांगी पिंजरा न्यायला आली. मावशीनं तो तिला द्यायचं सांगून ठेवलं होतं. ती पिंजरा उचलायला लागली तेव्हा मला राहवलं नाही.

"शुभांगी, त्यात नर न्हाय. दोन्ही माद्या हायत. झोप होईना म्हणून म्याच बदलला. तुझ्या मावशीला खोटं सांगितलं."

"ठाऊक हाय काका."

"तुला कुणी सांगितलं?"

"मावशीनंच, फोनवर. त्याच दिवशी. चोच दिसत होती की तिला."

मी विचारलं, "रागावली होती का?"

"लई. रडली बी. दोन दिवस तुमच्याशी बोलली न्हाय म्हणे." शुभांगी जरा हसली. "तिसऱ्या दिवशी फोन आला. म्हणाली, तुझे काका आता नरापेक्षा मोठ्यानं घोरायलेत. झोपू दे त्यांना. मला कळलंय म्हणून त्यांना सांगू नको."

पिंजरा घेऊन ती एसटीनं गेली.

गंगम्मा माझ्याशी बोलली नाही ते दोन दिवस कोणते, ते मी रोज आठवून बघतो. मला काही वेगळं झाल्याचं आठवतच नाही. मी झोपलेलो असणार.