उसन्या सेलांवर

मित्रांनो, मी एक जुना, हातात मावणारा व्हिडिओ गेम आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी दमलोय. पाठीचं झाकण हरवून दहा वर्षं झाली, तिथे रबर बांधलेलं आहे. उजवं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. पडद्यावरच्या दोन रेघा कायमच्या गेल्या. तरी हाक मारली की वाजावं लागतंच.

कुठल्याशा मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. खोक्यावर ‘९९९९ खेळ’ असं छापलं होतं, खरे खेळ आठ. ती थाप माझी नाही, छापणाऱ्याची. त्यातला मुख्य खेळ एवढाच, की वरून ठोकळे पडतात आणि ते नीट रचायचे. चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेत लटारूभाऊंनी मला घेतलं आणि नागभीडजवळच्या आपल्या गावी लेकीसाठी, मंजुषासाठी, नेलं.

त्या घरात पेन्सिल सेल दोनच. पहाटे ते छोट्या टॉर्चमध्ये असत, दुपारी माझ्या पोटात. उतरले की लटारूभाऊ ते अंगणातल्या दगडावर उन्हात ठेवायचे. तापले की त्यांच्यात घटकाभर पुन्हा जीव यायचा. माझं निम्मं आयुष्य असं उसन्या सेलांवर गेलं.

मंजुषा शाळेत गेली की तिची आई आशाबाई मला घेऊन दारात बसायच्या. घरात सगळ्यांत पटाईत त्याच होत्या, पण गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं. सेल काढले की मी आकडे विसरतो. म्हणून मोठा आकडा झाला की त्या चुलीतला कोळसा घेऊन दारामागच्या भिंतीवर लिहायच्या.

मग मंजुषाचं लग्न झालं, ती घुग्घुसला गेली. लटारूभाऊ वारले. मी कोनाड्यात पडलो आणि वाटलं, सुटलो एकदाचा. पण कुठलं काय!

तिकडे जंगलात झाडाखाली पडलेली मोहाची फुलं वेचताना गप्प राहायचं नाही, अशी रीत आहे. बायका एकमेकींना हाका मारतात, सारख्या बोलत राहतात. खाली वाकलेलं गप्प माणूस जनावराला माणूस वाटतच नाही. आशाबाईंची जोडीदारीण होती नीलाबाई. तिचे गुडघे गेले, ती घरी बसली. त्या वर्षी आशाबाईंनी मला सुरू करून ओटीत घातलं आणि म्हणाल्या, “नीला नाई आता. तूच बोलत राह्य.”

झालं! कोणी खेळो न खेळो, माझे ठोकळे पडतात, टुकटुक वाजतात. ढीग वरपर्यंत गेला की हरल्याची धून वाजते, आणि ती मोठी असते. मग आशाबाई ओटीत हात घालून बटण दाबत, की पुन्हा तेच. एका सकाळी मी तीस-चाळीस वेळा हरायचो. मित्रांनो, तुम्हाला कोणी रोज फक्त हरायला सोबत नेलं तर कसं वाटेल? असे मोहाचे चार हंगाम मी हरलो.

यंदा पाडव्याला मंजुषाची लेक दिव्यानी आजीकडे आली. बारा वर्षांची पोर, आणि तिच्या हातात माझा नव्या पिढीचा भाऊबंद.

“आजी, काय हे डबडं वापरून राह्यली तू? माझा घे. रंगीत आहे.”

“तो बोलते का मोठ्यानं?”

“तुह्या डबड्याच्या दहापट!”

मग ओसरीवर आमची परीक्षा झाली. सावलीत आशाबाईंना माझा पडदा दिसेना, डोळे आता अधू झालेत. त्याच्या पडद्याला मात्र स्वतःचा उजेड. “अवं माय, हे तं जत्राच हाय!” म्हणत त्या खुदकन हसल्या. अंगणात उन्हात नेलं तर तो काळाठिक्कर पडला, आणि माझा ठोकळा न् ठोकळा स्पष्ट दिसू लागला. त्याला चार्ज व्हायला लाइट लागते, मला सेल. पण तो आकडे विसरत नाही, महिन्याने विचारा, बरोबर सांगतो. त्या एका गोष्टीचा मला हेवा वाटला. खरं ते खरं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना आशाबाई त्याला ओटीत घालून निघाल्या. मी कोनाड्यात राहिलो. वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं.

थोड्या वेळाने दिव्यानी उठली. दात घासता घासता तिची नजर माझ्यावर गेली आणि तिचा हात थांबला. मला उचलून ती तशीच शेजारी धावली.

“कोलूमामा! माह्या गेमले दोन मिनिटं हात नाई लावला तं तो झोपूनच जाते! आजीले सांगाचं राह्यलं! आजी तिकडं एकटी हाय, मामा!”

कोलूमामांनी काठी घेतली, पायांत चप्पलसुद्धा घातली नाही. दिव्यानी मला वाजवत मागे. पोटातले सेल कालच उन्हात तापवलेले. मनात म्हटलं, बाबांनो, आजच्या दिवस साथ द्या.

झाडाखाली आशाबाई वाकून फुलं वेचत होत्या. पाठ झुडपाकडे. त्यांच्या मागे वीसेक पावलांवर एक अस्वल मान खाली घालून मोह खात होतं. त्याला या दिसल्या नव्हत्या, यांना ते दिसलं नव्हतं. आणि आशाबाई एकेक पाऊल मागे सरकत होत्या.

कोलूमामांनी दिव्यानीचा दंड धरून तिला थांबवलं. तिने मला डोक्यावर उंच धरलं आणि नेमका तेव्हाच मी हरलो. मित्रांनो, आयुष्यात इतक्या जोरात मी कधी हरलो नव्हतो. अस्वलाने मान वर केली, दोन पायांवर उभं राहून आमच्याकडे पाहिलं. कोलूमामांनी काठी झाडावर आपटली, तसं ते वळलं आणि झुडपात शिरलं.

“काऊन बोंबलून राह्यले रे?” म्हणत आशाबाई वळल्या. हलणारं झुडूप पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. ओटीत तो बिचारा गाढ झोपलेला.

दिव्यानी रडू लागली. “माह्यामुळंच झालं, आजी.”

“उगी, माय. गप्प झाला हे मले बी नाई समजलं. वेचाच्या नादात कान कुठी होते माहे!”

दिवसभर मला पाहायला गाव लोटलं. कौतुक झालं. कौतुकानं बटण काही नीट होत नाही. दिव्यानीने मात्र कामाची गोष्ट केली. नव्याची झोपायची सवय बंद करून टाकली. “आता हा तुह्याजवळच राहू दे, आजी,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली दोघींनी मिळून त्याला तासभर वाजवून पाहिलं. तो एकदाही गप्प झाला नाही.

“अन् लाइट गेली, हा बंद पडला तं?” दिव्यानीने विचारलं.

“तं याले उठवू,” आशाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

आत्ता दुपार आहे. आशाबाई दारात उन्हात मला घेऊन बसल्या होत्या. एक डाव खेळल्या, मन लावून. आकडा भिंतीवर लिहिला. आता त्या मला ठेवून देणार आहेत, म्हणून घाईने सगळं सांगतोय.

मित्रांनो, जुनी वस्तू ठेवून देताना तिच्या पोटातले सेल आधी काढा. विसरलेले सेल आतल्या आत पाझरतात, पत्र्या खाऊन टाकतात. मग कितीही हाका मारा, ती उठत नाही. आणि नवी वस्तू कोणाच्या हाती द्याल, तेव्हा ती कधी गप्प होते तेही सांगा.

आशाबाईंनी रबर सोडलं. मी झोपतो आता. लाइट तेवढी जाऊ देऊ नका रे.