तीन आजारी पिंपं

"ओतून टाक," लीव्हेन म्हणाला.

"नाही," गोडेलीव्ह म्हणाली आणि फरशी पुसत राहिली.

जुलै महिना होता. तळघरात नेहमीचा गारवा होता, तरी ल्यूव्हन शहरातून आलेल्या तज्ज्ञाला घाम फुटला होता. त्याचं नाव बास्टियान. त्याने एक्केचाळीस नंबरच्या पिंपातून ग्लासभर बिअर काढली होती आणि ती दुसऱ्या ग्लासात ओतायला घेतली होती. ती पडत नव्हती. लोंबत होती, अंड्यातला पांढरा बलक चमच्यावरून लोंबतो तशी. बेचाळीस आणि त्रेचाळीस नंबरची तीच तऱ्हा. एकूण अठराशे लिटर.

"नासली आहे," बास्टियान म्हणाला. "आकडे बघा हवे तर."

"नासली नाही, आजारी आहे," गोडेलीव्ह म्हणाली. "पहिल्या उन्हाळ्यात येतं असं दुखणं. थंडी पडली की उतरतं. तुम्हाला लहानपणी गालगुंड झालं होतं की नाही, डॉक्टरसाहेब? मग आईने काय तुम्हाला मोरीत ओतलं?"

बास्टियान माझ्याकडे पाहू लागला. मी बाटल्या भरण्याच्या खात्यात होतो आणि कामगार संघटनेचा प्रतिनिधीही होतो. म्हणजे काही बिघडलं की लोक माझ्याकडे पाहायचे आणि सुधारलं की मालकाकडे.

"ह्या बाई कोण?" त्याने विचारलं.

"सफाई कामगार," लीव्हेन म्हणाला.

कागदोपत्री हे खरं होतं. अडतीस वर्षांपूर्वी गोडेलीव्ह ओस्टरलिंक घराण्याच्या ह्या बिअरच्या भट्टीत फडकं आणि बादली घेऊन आली, आणि महिन्याभरातच लीव्हेनच्या वडिलांच्या, आशीलच्या लक्षात आलं की ह्या बाईच्या जिभेला जे कळतं ते आपल्या चार पिढ्यांना मिळून कळलेलं नाही. आमच्याकडे बिअरमध्ये यीस्ट टाकत नाहीत. माळ्यावरच्या उघड्या हौदात ती निवत ठेवायची, वाऱ्याबरोबर जे येईल ते येऊ द्यायचं, मग तीन वर्षं लाकडी पिंपात. कुठलं पिंप कधी काढायचं आणि कुठल्यात किती मिसळायचं, सगळा खेळ तिथे. पाहुण्यांसमोर आशील ग्लास नाकाशी धरून डोळे मिटायचा. मग एक डोळा हळूच उघडायचा. मागे गोडेलीव्ह फरशी पुसत असायची. तिचं फडकं चालू राहिलं तर पिंप तयार. थांबलं तर आशील म्हणायचा, "अजून एक हिवाळा." कचेरीत त्याच्या नावाची अकरा पदकं आहेत. ती पुसायचं कामही तिच्याचकडे होतं.

तो गेल्या हिवाळ्यात वारला आणि ब्रसेल्सला व्यवस्थापन शिकलेला मुलगा गादीवर बसला. फडक्याची गोष्ट बापाने त्याला सांगितली नव्हती. कुठला बाप सांगेल?

"ठीक आहे," लीव्हेन म्हणाला. "ऑक्टाव्ह, तू ओत."

"मला नाही जमायचं," मी म्हणालो. "मी भरणाऱ्यांत आहे. ओतणं सफाईत येतं. मी ओतलं तर संघटनेकडे माझी तक्रार होईल, आणि ती ऐकायला पुन्हा मीच बसणार."

"मग मावशी, हा हुकूम समज."

गावात लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणायचे. लीव्हेन तर ह्याच पिंपांमागे लपाछपी खेळून मोठा झाला होता.

"हुकूम कसा देशील, बाळा? माझं नेमणूकपत्र वाचलंयस का? ऑक्टाव्ह, सांग त्याला."

मला ते पाठ होतं. आशीलने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'निरुपयोगी माल, स्वतः चाखून खात्री केल्यानंतर, ओतून टाकणे.' चाखण्याचं काम सफाईच्या पगारात करून घ्यायला त्याने हे कलम घातलं होतं. मेल्यावर ते असं उपयोगी पडेल हे त्याच्या ध्यानी नसावं.

"मी चाखली," गोडेलीव्ह म्हणाली. "माझी खात्री झालेली नाही."

लीव्हेन बापासारखाच हट्टी. त्याने बाहेरून टँकर मागवला, सोमवारी सकाळी आठला. सोमवारी आम्ही खाली उतरलो तर तिन्ही पिंपांच्या बुचांना एकेक कागद बांधलेला. गावातले डॉक्टर कॉर्नील यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र. रुग्ण: पिंप क्र. ४१. निदान: अशक्तपणा. चार महिने पूर्ण विश्रांती, हलवू नये. खाली सही आणि गोल शिक्का. डॉक्टर दर रविवारी प्रार्थनेनंतर आमची बिअर घेतात, प्रार्थनेला गेले नाहीत तरीही.

टँकरवाल्याने तिन्ही कागद सावकाश वाचले. मग टोपी मागे सारली.

"शिक्का आहे," तो म्हणाला.

"अहो, पिंपाला कसलं प्रमाणपत्र? थट्टा चाललीय," लीव्हेन म्हणाला.

"असेलही. पण माझ्या मेव्हण्याने आजारी माणसाला कामावरून काढलं होतं, अजून कोर्टात खेटे घालतोय. शिक्क्याला मी हात लावत नाही." त्याने फेरीचे पैसे घेतले, गोडेलीव्हने दिलेली तीन वर्षांची बिअर उभ्या उभ्या प्यायला आणि रिकामा टँकर घेऊन गेला.

त्या दिवशी दुपारी लीव्हेनने आम्हा दोघांना कचेरीत बोलावलं. समोर टाइप केलेला कागद.

"नोव्हेंबरपर्यंत थांबतो. पण तिन्ही बरी झाली पाहिजेत. एकही पिंप नासकं निघालं, तर तू त्याच दिवशी काम सोडायचंस. निरोपसमारंभ नाही, भाषण नाही, काही नाही."

तिच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिने माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात, आणि सही केली.

"भाषण नाही हे नक्की ना?" तिने विचारलं. "ते आवडलं मला."

चार महिने ती रोज सकाळी सहाला येऊन त्या पिंपांपाशी उभी राहायची. हात लावायची नाही. कुणी मोठ्याने शिंकलं तरी वळून बघायची.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी बास्टियान पुन्हा आला. उलट्या पिंपावर पाव, ताजं पांढरं चीज आणि मुळ्याच्या चकत्या मांडल्या होत्या, कारण आमच्याकडे जन्म, मरण आणि तपासणी ह्यातलं काहीही उपाशीपोटी उरकत नाहीत. एक्केचाळीसचं बूच निघालं. बिअर पाण्यासारखी खळखळत ग्लासात पडली. आधी हिरव्या सफरचंदाची आंबट सणक, मग ओलं गवत, आणि शेवटी घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास. हा शेवटचा शब्द आमच्याकडे स्तुती म्हणूनच वापरतात.

बास्टियानने ग्लास संपवला. मग त्याने तो पुन्हा पुढे केला.

"अभ्यासासाठी," तो म्हणाला.

"अभ्यास चांगला चाललाय," मी म्हणालो. "तिसरा ग्लास परीक्षेसाठी ठेवा."

बेचाळीस तसंच, कदाचित कणभर सरस. लीव्हेन हसू लागला होता. बापासारखं ग्लास नाकाशी धरून त्याने डोळेही मिटले. त्रेचाळीस आलं.

"हे तर सगळ्यांत उत्तम," तो म्हणाला.

"आकडेही तिन्हीचे सारखे आहेत," बास्टियान म्हणाला. मलाही आवडली. खरंच आवडली.

गोडेलीव्हने घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि बादलीत थुंकला.

"ही गेली," ती म्हणाली.

लीव्हेनने पुन्हा चाखली.

"काय झालंय हिला? छान आहे की. अगदीच वाटलं तर अजून चार महिने ठेवू. तूच तर म्हणत होतीस."

"आजारी असती तर ठेवली असती. ही मेलीय, फक्त हिला अजून कुणी सांगितलं नाही. बाटलीत घाल आणि मार्चमध्ये उघड, मग कळेल."

"मावशी, त्या कागदात काय लिहिलंय आठवतंय ना? एकही नासकं निघालं तर..."

"माझीच सही आहे."

"मग कशाला बोलतेस? आम्ही तिघंही चांगली म्हणतोय."

"तू आणि हे साहेब जुलैत तिन्ही वाईट म्हणत होतात." तिने बाह्या वर केल्या. "बाटलीवर ओस्टरलिंक हे नाव असतं. अडतीस वर्षांत त्या नावाखाली नासकी बाटली बाहेर गेलेली नाही. ती काही तुझ्या बापाच्या नाकामुळे नाही."

"तो कागद मी रागात लिहिला होता," लीव्हेन हळूच म्हणाला.

"मी सही रागात केली नव्हती."

तिने खालचं बूच ठोकून काढलं. सहाशे लिटर जायला बराच वेळ लागतो. ती खराट्याने लोंढा मोरीकडे वळवत राहिली, आणि मालक, तज्ज्ञ आणि संघटनेचा प्रतिनिधी असे आम्ही तिघे पाय वर घेऊन बाकावर बसून राहिलो. मी मदतीला उठलो तर म्हणाली, "बस. तुझ्या खात्यात येत नाही."

एक कबुली देतो. ती खराटा आणायला गेली तेवढ्यात मी एक बाटली भरून कोटाखाली घातली होती. मार्चमध्ये उघडली, तर निव्वळ व्हिनेगर. आमच्या घरी ती वर्षभर सॅलडवर पुरली.

पिंप रिकामं झाल्यावर तिने ते कढत पाण्याने तीनदा धुतलं. बुचाच्या भोकाला नाक लावून वास घेतला, पटला नाही, चौथ्यांदा धुतलं. "आता ह्या हिवाळ्याची घालायला हरकत नाही," ती म्हणाली, फडकं पिळून दांडीवर टाकलं आणि कोट चढवला. अकरा वाजून गेले होते. जेवणाच्या सुट्टीआधी तिला घरी जाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

अंगणाकडच्या आमच्या, कामगारांच्या दाराने ती गेली नाही. जिना चढून वर आली, आम्ही तिघे मागोमाग, आणि पाहुण्यांच्या दालनातून, सकाळी स्वतःच पुसलेल्या फरशीवरून, ओल्या बुटांनी चालत समोरच्या मोठ्या दाराने बाहेर पडली. दारापर्यंत तिच्या बुटांचे ठसे उमटले होते.

लीव्हेन ते ओलांडून पुढे गेला नाही. बास्टियानही नाही. ठसे आपोआप वाळेपर्यंत आम्ही तिघे तिथेच उभे होतो.