लिंपलेली दारं

दसरा झाला की बोरवस्ती रिकामी व्हायची. बैलगाड्या कोपरगावकडे ऊसतोडीला निघायच्या. निघताना प्रत्येक घरची बाई दाराला बाहेरून कडी घालून वर शेणामातीचं जाड लिंपण द्यायची. आत विंचूकाटा शिरत नाही आणि कुणी हात लावला तर लगेच कळतं. जिनं लिंपलं, तिनंच परत येऊन मोडायचं. परक्या हातानं मोडलं तर त्या घराचं वाईट होतं, ही पक्की समजूत. मागं दोन-चार म्हातारी माणसं राहायची, त्यात केशरबाई. सगळ्या दारांची राखण तिच्याकडे. कुठं चीर पडली की ती तळहातानं माती भरायची, आणि आपल्या वस्तीची दारं कशी गुळगुळीत आहेत याचा तिला भारी अभिमान.

पौषात पाहणीचा साहेब तालुक्याहून जीपमधून आला. सरकार अनुदान देऊन लहान वस्त्यांना पिण्याच्या पाण्याची विहीर देणार होतं, पण वस्ती नांदती पाहिजे. केशरबाईनं त्याला घोंगडी टाकली. माणसं उसाला गेलीत, चैत्रात येतील, असं परत परत सांगितलं. साहेब म्हणाला, दोन-चार दारं उघडून दाखवा, आत चूल, भांडीकुंडी दिसली की नांदती घरं म्हणून लिहितो. इथं म्हातारीनं माती खाल्ली. लोकांच्या घराचं लिंपण मी मोडायची नाही, जीव गेला तरी, असं तिनं ठणकावून सांगितलं. साहेबानं खांदे उडवले आणि 'वस्ती ओसाड' असं लिहून तो मोकळा झाला.

विहीर शेजारच्या गावाला गेली. गावाला म्हणजे नावाला. खोदली ती सरपंच आबासाहेबांच्या मळ्याच्या बांधाला. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

चैत्रात गाड्या परत आल्या. बायांनी आपापली लिंपणं मोडली, दारं उघडली. बाहत्तर सालचा उन्हाळा, वस्तीचा झरा कधीच आटलेला. बाया हंडे घेऊन आबासाहेबांच्या विहिरीवर जायच्या. तिथं आधी मळा भिजायचा, मग उरलं तर माणसांना. एका दुपारी केशरबाईची सून लंकाबाई रिकामाच हंडा घेऊन आली. हंडा खाली ठेवून ती शांतपणे म्हणाली, "आत्या, हितं मानसं ऱ्हात्यात, येवढंबी त्याला दाखवता आलं न्हाई व्हय तुमाला?"

सून भांडली असती तर म्हातारीला बरं वाटलं असतं. आधी तिला स्वतःचा संताप आला. दार तर मोडायचं होतं, पाप लागलं असतं तर आपल्याला लागलं असतं! मग तो संताप हळूहळू साहेबाकडे वळला. वस्तीच्या माणसांनी तोडलेल्या उसाची साखर त्याच्या चहात पडते, आणि हीच माणसं मोजायला त्याला चैत्रापर्यंत थांबता येत नाही? जिवंत माणसांना ओसाड म्हणणाऱ्याची जीभ झडत कशी नाही?

बाजारच्या दिवशी ती बादली घेऊन तालुक्याला गेली. शेण बाजारातल्या बैलांचं, माती कचेरीच्या आवारातली, पाणी कचेरीच्याच नळाचं. नळाला धो धो पाणी होतं, ते बघून ती आणखी पेटली. साहेब जेवून आपल्या खोलीत खुर्चीत पेंगत होता. तिनं हलकेच दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि पदर खोचून लिंपायला बसली. घाई केली नाही. कडी, फट, कोपरे, सगळं सवयीच्या हातानं गुळगुळीत केलं.

साहेब जागा झाला आणि आतून दार बडवू लागला. मग खिडकीच्या गजांशी येऊन त्यानं विचारलं, बाई, हा काय चावटपणा आहे. बाजारची माणसं जमली होती. केशरबाईनं हात लुगड्याला पुसले.

"दार लिंपल्यालं हाय, म्हंजी आत मानूस न्हाई," ती म्हणाली. "तुमीच लिवलंय."

साहेबानं शिपायाला हाक मारली. सहादेव शिपाई धावत आला, त्यानं कडीकडे हात नेला आणि ते लिंपण बघून हात मागं घेतला. त्याची आईसुद्धा दर दसऱ्याला असंच दार लिंपून जायची.

"मोड ते, बघतोस काय?"

"ते परक्या हातानं मोडत न्हाईत, साहेब," सहादेव खाली बघत म्हणाला.

मग साहेबाचा आवाज उतरला. नवी पाहणी करतो, वस्ती नांदती लिहितो, विहीर मिळेल, असं तो सगळ्यांदेखत बोलला. तिथंच कागदावर तसं लिहून, सही करून त्यानं कागद गजातून बाहेर धरला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. केशरबाईनं कागद घेतला नाही.

"आता तरी दार उघडा, बाई."

"उघडते की," तिनं रिकामी बादली उचलली. "हिरीला पानी लागलं की येते."

आणि ती एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.