चिखल नावाचा मुलगा

सुचेताच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. लंडनमधल्या एजवेअरच्या फ्लॅटमध्ये तिनं दोनदा चहा केला आणि दोन्ही कप तसेच गार होऊ दिले. मोटरवेवर तिची एक्झिट चुकली. मिल्टन कीन्सला पोचल्यावर बाबांच्या घराअलीकडच्या राउंडअबाउटला ती बाहेर न पडता गोल गोल फिरत राहिली, मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा कुठे भानावर आली.

डोक्यात दोन दगड होते. एक वेल्समधल्या एका छोट्या म्युझियमचा, दीड हजार वर्षांपूर्वी डोंगरावर कुणाच्या तरी थडग्याशी उभा केलेला. दुसरा अजून कोरायचा होता, तिच्या आजोबांचा.

जुन्या केल्टिक लोकांच्या थडग्यांवरची नावं वाचणं हा सुचेताचा धंदा. मेलेल्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, बस्स, बहुतेक दगड एवढंच बोलतात. बाकीचं पंडितांनी आपल्या पदरचं घालायचं. या दगडावर होतं: ‘लुताकस, कुनोवेलचा मुलगा’. बापाचं नाव झोकदार. कुनो म्हणजे शिकारी कुत्रा, आणि त्या लोकांत कुत्रा ही शिवी नव्हती, मान होता. आणि अशा सरदाराच्या पोराचं नाव काय? तर चिखल. सुचेताच्या वाचनात त्या नावाचा दुसरा अर्थ लागतच नव्हता.

तिनं म्युझियमच्या लेबलसाठी लिहून दिलं की हा दासीच्या पोटचा असणार, त्यानं पायरी ओळखून राहावं म्हणून वरच्यांनी ठेवलेलं हे नाव. लिहिताना तिचा हात जराही अडखळला नव्हता. अडखळेल कसा? असलं नाव तिच्या घरातच होतं.

आजोबांचं नाव कचरू. गावच्या पाटलानं बारशालाच थट्टेनं ठेवलं आणि महारवाड्यात कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही, असं बाबा सांगत. घरात सांगत, एजवेअरच्या हॉलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीच्या भाषणात तर दरवर्षी सांगत, आणि त्या वाक्याला हॉल चिडीचूप व्हायचा. लहानपणी सुचेताच्या अंगावर काटा यायचा. नाव कोण कुणाला देतं हे शोधायचा नाद तिला तिथूनच लागला.

आजोबा हिवाळ्यात गेले. क्रिमेटोरियमच्या बागेत त्यांच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी बसणार होती. बाबांनी मजकूर ठरवला होता, ‘के. आर. इंगळे’. सुचेताची त्याला पूर्ण संमती होती. दुसऱ्यानं थोबाडीत मारल्यासारखं दिलेलं नाव माणसानं मेल्यावर तरी कशाला वागवायचं?

पण काल म्युझियमच्या गेनॉरबाईंनी, लेबल छापायला टाकण्याआधी, सहज विचारलं, “त्याला खालीच ठेवायचं होतं, तर एवढा दगड डोंगरावर कोणी ओढून नेला?” सुचेतानं काहीतरी विद्वान उत्तर दिलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून तिला झोप नव्हती. पुरुषभर उंचीचा दगड, अक्षरं एकसारखी, खोल. नको असलेल्या पोरासाठी इतके कष्ट कोणी घेत नाही. आपलं लेबल चुकलंय हे तिला कळत होतं, आणि बरोबर काय ते कळत नव्हतं. याच्यासारखा छळ नाही.

दार उघडताच बाबा म्हणाले, “आलीस? बरं झालं. ती पाटीवाली फोन करणारे आत्ता. फोटो कोरायचा की नाही, तू सांग.”

हरिदास इंगळे, सगळी नोकरी कॉम्प्युटरपुढे गेलेली, आता रिटायर. टेबलावर त्यांनी आजोबांचा फोटो मोठा करून ठेवला होता. फोटोत आजोबा हसत होते. सुचेता खुर्चीवर बसली, उठली, खिडकीशी गेली, परत आली.

“अगं, एका जागी बस की जरा! काय झालंय?”

“काही नाही. माझा तो दगड. बाबा, आजोबांना कसा वाटायचा तो नाव?”

“ते नाव,” बाबांनी सवयीनं दुरुस्त केलं. “कसं वाटणार? लाज वाटायची माणसाला.”

“नाही पण. आपण त्यांना कॅमडेनला नेलं होतं, बाबासाहेबांच्या घरी. तिथल्या मुलीनं नाव विचारलं तर केवढ्यानं म्हणाले, कचरू! तुम्हीच मध्ये पडून के. आर., के. आर. करत होतात.”

सुचेतानं फोटो हातात घेतला. मोठा केल्यामुळे आजोबांच्या उजव्या नाकपुडीवरची ती बारीक खळी स्पष्ट दिसत होती. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून ती त्या खळीत बोट घालायची. हे काय, म्हणून विचारलं की ते म्हणायचे, “आईनं मला लपवलं होतं.” कुणापासून, ते कधी सांगायचे नाहीत, नुसते हसायचे. तिला वाटायचं, हा लपाछपीचाच काहीतरी खेळ.

ती फोटोकडे बघतच राहिली. सकाळपासूनची पायातली भिंगरी एकदम थांबली.

“बाबा, नाव पाटलानं ठेवलं. मग नाक कोणी टोचलं?”

बाबांचा चेहरा उतरला. खोटं पकडलं गेलेल्या माणसाचा उतरतो तसाच. ते हळूच समोरच्या खुर्चीत बसले.

“आजीनं,” ते म्हणाले. “माझ्या आजीनं, गयाबाईनं. नावही तिनंच ठेवलं. आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. हा झाला, तेव्हा तिनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचललं, आणि आजीनं पसाभर ज्वारी देऊन आपलंच पोर परत विकत घेतलं. नाक टोचलं, म्हणजे मरणाला वाटावं मुलगी आहे. कचरू म्हटलं, म्हणजे वाटावं, हे कुणीतरी टाकून दिलेलं, कशाला न्यायचं.”

“मग पाटील?”

“पाटील होताच! नावं ठेवत होताच लोकांची. गावोगाव घडलंय ते सुचू, खोटं नव्हतं.” त्यांचा आवाज खाली आला. “फक्त आपलं नव्हतं. आपण बुद्धाची माणसं, उकिरडा, सूप, नाक टोचणं, हे स्टेजवरून कसं सांगायचं? अंधश्रद्धा म्हणतील. अन्याय सांगायला सोपा असतो. तो दुसऱ्यानं केलेला असतो.”

सुचेताला राग आला. तीस वर्षं बापानं तिला शेंडी लावली होती आणि त्या शेंडीवर तिनं अख्खं करिअर उभं केलं होतं. बोलायला तोंड उघडलं, पण समोर सुपातलं ते पोर दिसलं, आणि ते उचललं जाईपर्यंत श्वास धरून उभी राहिलेली बाई दिसली. रागाची जागा रडण्यानं कधी घेतली, तिचं तिलाच कळलं नाही.

डोळे पुसून तिनं गेनॉरबाईंना मेसेज केला, लेबल थांबवा. चिखल हे नाव कोणी ठेवलं ते आपल्याला माहीत नाही, मला जे वाटतंय त्याला पुरावा नाही, पण ‘दासीपुत्र’ काढून टाका. त्याच्यावर कुणाचा तरी फार जीव होता, एवढं दगडावरून दिसतं.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर घेतला. पाटीवाल्या बाईंनी गोड आवाजात मजकूर वाचून दाखवला: के. आर. इंगळे, बरोबर ना?

बाबांनी सुचेताकडे पाहिलं. हा निर्णय तिचा नव्हता. त्यांनी फोटो जवळ ओढला आणि अंगठा हळूच त्या नाकपुडीवर ठेवला.

“नो,” ते म्हणाले. “प्लीज चेंज इट. कचरू. सन ऑफ गयाबाई.”

एकेक अक्षर त्यांनी सावकाश सांगितलं, दोन्ही नावांचं. बाईंनी लिहून घेतलं आणि कौतुकानं विचारलं, किती वेगळं नाव, त्याचा काही अर्थ आहे का?

या प्रश्नाचं उत्तर बाबांना तोंडपाठ होतं. पाटलासकट. सुचेता खुर्चीची कड धरून बसली.

“येस,” बाबा म्हणाले. “इट मीन्स, लेट हिम लिव्ह.” मग जरा थांबून, “अँड ही डिड, मॅडम. टिल नाइन्टी-वन.”