हौद्याची बिजागरी

नंदाबाईला एक खोड होती. एखादी वस्तू अशी का आणि तशी का नाही, हे कळल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. तिचे वडील गाडीवान, आष्टीच्या बाजारात बैलगाडीनं माल वाहायचे. गाडी कशी भरायची, ओझं पुढं किती अन् मागं किती, हे ती फ्रॉक घालायच्या वयातच शिकली होती. सासरी मात्र बाईमाणसानं लोखंडात नाक खुपसलेलं कुणाला खपत नसे. म्हणून ती चहा घेऊन जायची. चहाची किटली हातात असली की बाई कुठंही जाऊन उभी राहू शकते, अन् कुणी काही म्हणत नाही.

साल शहाण्णव असावं. विहिरीवर विजेची मोटर आली आणि जुनं डिझेल इंजिन गोठ्यात धूळ खात पडलं. तिच्या नवऱ्यानं, भुजंगनं, त्या इंजिनाला जालन्याच्या भंगार बाजारातल्या जीपचा गिअरबॉक्स आणि चाकं जोडली. झाला छोटा ट्रॅक्टर! मोठ्या ट्रॅक्टरच्या धुडानं मोसंबीच्या फांद्या मोडायच्या. हा आपला फांद्यांखालून डुगडुग करत निघून जायचा. गाव हसलं, मग गप्प बसलं.

पण दिवाळीत भुजंग विहिरीच्या पायरीवरून घसरला अन् त्याचा मणका सरकला. डॉक्टरनं बजावलं, आता जन्मात फावडं धरायचं नाही. पंचाईत तिथंच झाली. उकिरडा उंचावर होता, तिथून खत खाली ओढलं की ट्रॉली भरायची. ते नंदाबाई करू शकत होती. पण बागेत जाऊन ते ट्रॉलीबाहेर फेकायचं कुणी? गडी म्हणाल तर सगळे परतूरच्या जिनिंगवर, कापसाच्या कामाला.

भुजंगचा चुलतभाऊ काकासाहेब मनानं वाईट नव्हता. तो सरळ येऊन बोलला, "दादा, बाग मला बटईनं दे. कष्ट माझे, निम्मं पीक तुझं. गुढीपाडव्यापासून मी बघतो."

"मी हौदा उचलणारी ट्रॉली करून राह्यलोय," भुजंग म्हणाला. "पाडव्याच्या आत फावड्याबिगर रिकामी करून दाखवतो. न्हाई जमलं तर बाग तुझी."

तीनशे झाडं त्यानं स्वतःच्या हातानं लावली होती. बाग दुसऱ्याच्या हातात गेली तर हा माणूस ओट्यावर बसून बसूनच संपेल, हे नंदाबाईला स्वच्छ दिसत होतं.

विहिरीजवळच्या शेडमध्ये वेल्डर रामकिसन कामाला लागला. डांबराची रिकामी पिंपं फाडून त्यांच्या पत्र्याचा हौदा केला, खाली जीपचा आस, अन् हौद्याच्या अगदी मागच्या टोकाला भक्कम बिजागरी. पुढून उचलला की खत मागं सांडेल, असा बेत. उचलायला ट्रकचा जॅक.

पाडवा आठ दिवसांवर असताना खत भरून बघितलं. रामकिसन जॅकचा दांडा मारून घामाघूम झाला. हौदा वीतभर उचलला, हातभर उचलला, आणि जॅक कलंडला. धाडकन आवाज झाला, लिंबावरचे कावळे उडाले. खत मात्र जागचं हललं नाही. काकासाहेब बांधावर उभा होता. तो हसला नाही, नुसता मान हलवून निघून गेला. हसला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदाबाई किटली घेऊन गेली आणि पदर खोचून सरळ ट्रॉलीखाली वाकली.

"रामकिसनभाऊ, बिजागरी येवढी मागं का हो?"

"वहिनी, डंपरला मागंच असती."

"डंपरला उचलायला तेलाचा पंप असतो म्हणं. आपल्याला हाय का?"

रामकिसन कान खाजवत बसला. "दादांनी सांगितलं मागं लाव, म्या लावली."

भुजंगनं चहा संपवला, कप पालथा घातला.

बाईच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. घरी येऊन तिनं लाकडी काथवट ज्वारीनं भरली. खाली एका टोकाला लाटणं ठेवलं अन् दुसरं टोक उचललं, मनगट दुखलं. लाटणं थोडं आत सरकवलं, जरा हलकं झालं. अजून आत सरकवलं. पार मध्याच्या जवळ आणलं तेव्हा एका बोटानं काथवट वर आली! मध्याच्या केसभर पुढं सारलं तर बोटही लागेना, काथवट आपली आपणच मागं कलली आणि ज्वारी फरशीवर सांडली.

"अगं बाई!" ती एकटीच मोठ्यांदा म्हणाली. हे तर तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ओझं मागं जास्त झालं की बैलगाडी उलाळ होते, पुढून उचलते अन् मागं पडते. वडील रोज ओरडायचे, गाडी उलाळ भरू नका! सगळा जन्म गाडीवाले ज्याला भ्याले, नेमकं तेच तर इथं हवं होतं.

ज्वारी अन् लाटण्यासकट काथवट डोक्यावर घेऊन ती शेडवर गेली. दोघांसमोर सगळं करून दाखवलं. रामकिसनचे डोळे विस्फारले.

"बिजागरी आसाच्या वर घ्या," ती म्हणाली. "पुढं खिट्टी लावा. भरताना मागं जास्त भरायचं. खिट्टी ओढली की हौदा आपला आपणच उलाळ होईल."

"उलाळ?" भुजंग एकदम उसळला. "खबरदार पुन्हा तो शब्द काढलास तर! माझी गाडी उलाळ होणार न्हाई. बिलकुल न्हाई!"

रामकिसन खाली मान घालून पान्हे पुसायला लागला. नंदाबाईला राग आला होता, पण नवऱ्याच्या तोंडाकडं बघून तो जिरला.

"पवळ्या आठवला का?" तिनं हळूच विचारलं.

लग्नाआधीची गोष्ट. सोळा वर्षांच्या भुजंगनं घाईघाईत गाडीच्या मागच्या अंगाला दगड भरले होते. ओढ्याच्या चढावर गाडी उलाळ झाली, जू वर गेलं, अन् जुवाला बांधलेला पवळ्या बैल गळ्याच्या पट्ट्यानं लटकला. पट्टा कापायला विळा आणेस्तोवर सगळं संपलं होतं. नंदाबाईला हे सासूनं सांगितलेलं. भुजंगनं उभ्या जन्मात कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"म्या भरल्ती गाडी," तो आता म्हणाला. "जल्दी केली म्या. म्हणून बिजागरी पार मागं घेतली. काय बी झालं तरी गाडी पुढून आपली आपण उचलू ने."

"अहो," नंदाबाई म्हणाली, "पण हितं बैल कुठंय?"

भुजंगनं ट्रॅक्टरकडं पाहिलं. जणू पहिल्यांदाच बघत होता.

"काप बिजागरी," तो रामकिसनला म्हणाला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी अर्धं गाव बागेत जमलं. खिट्टीची दोरी भुजंगच्या सीटपर्यंत आणली होती. नंदाबाईनं स्वतः खत भरलं होतं, वडिलांनी जन्मभर नको म्हणून सांगितलं तसं, मागं जास्त. काकासाहेब हाताची घडी घालून उभा.

भुजंगनं दोरी धरली. ओढेना. नंदाबाईला वाटलं, आता हा उतरून घरी जातो. तिनं देवाचं नाव घेतलं.

मग त्यानं डोळे मिटून हिसका दिला.

खिट्टी सुटली, हौद्याचं तोंड वर आलं, मागची बाजू झुकली आणि सगळं खत भसकन झाडाच्या बुडाशी ओतलं गेलं. हौदा पार उलटू नये म्हणून लावलेल्या साखळीनं तो तोलून धरला. रिकामा झाला तसा तो हळूच खाली आला अन् जागेवर बसला. पोरं ओरडली, कुणीतरी शिट्टी मारली.

भुजंगनं खताकडं पाहिलंच नाही. मणक्याची पर्वा न करता सीटवरून उडी टाकून तो पुढं धावला, ट्रॅक्टरच्या तोंडाशी. गरम पत्र्यावर हात ठेवून, जू असतं त्या जागी, तो चाचपत उभा राहिला.

गाव हसायला लागणार होतं. काकासाहेबानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. लटकलेला पवळ्या त्यानंही पाहिला होता. मग तो नंदाबाईला म्हणाला, "वहिनी, उद्या येतो मी. बटईचं बोलायला न्हाई, पुरणपोळी खायला."

नंदाबाई नवऱ्याजवळ गेली.

"काय झालं न्हाई त्याला," भुजंग पत्र्यावरून हात फिरवत म्हणाला.

"न्हाई झालं," ती म्हणाली. "चला, दुसरी खेप भरू."