पुट्टीखालचा नंबर

आमच्या ताईने एकसष्टाव्या वर्षी बोट चालवायचा परवाना काढला, तेव्हा मी म्हणालो, "या वयात माणसं गुडघ्यांचे व्यायाम करतात." ती म्हणाली, "ते उरकूनच अभ्यासाला बसते." तिच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दाजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची छोटी मोटरबोट अजून त्यांच्याच नावावर होती. महिनाअखेरपर्यंत ती ताईच्या नावावर झाली नाही, तर धक्क्यावरची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार आणि बोट विकावी लागणार. मला विचाराल तर विकलेलीच बरी. एकटी बाई पाण्यावर जाणार म्हटलं की माझ्या जिवाला घोर लागायचा. पण तीस वर्षं ती दाजींच्या पाठीमागे बसली होती. आता तिला पुढे बसायचं होतं.

नाही म्हणता आलं नाही, म्हणून नाव बदलण्याआधीच्या सरकारी तपासणीसाठी दोन दिवस राबलो. बोटीच्या पुढच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना नोंदणी क्रमांक नियमाप्रमाणे ठळक रंगवला, जॅकेटं मोजली, आग विझवायचा सिलिंडर लावला. मागच्या फळीवर उजवीकडे बरेच ओरखडे होते. तेही पुट्टीने बुजवले आणि वरून झकास निळा रंग मारला.

तपासनीस बाई महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी आल्या. सगळं बघून खूश झाल्या आणि म्हणाल्या, "आता कंपनीने कोरलेला नंबर दाखवा."

"तो कुठे असतो?" मी विचारलं.

"मागच्या फळीवर, उजवीकडे."

ओरखडे समजून मी बुजवलं होतं ते नेमकं तेच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

"तो कागदाशी जुळल्याशिवाय मला सही करता येत नाही," बाई म्हणाल्या. "पाचपर्यंत आहे मी इथे."

खोटं कशाला बोलू? क्षणभर मला हायसं वाटलं. मी मुद्दाम काही केलं नव्हतं, आणि आता आपोआप सगळं मिटत होतं.

ताईने पेटीतून खरवडणी काढली आणि माझ्या हातात दिली. "तूच कर. मी चहा आणते," म्हणाली आणि खरंच निघून गेली.

मी खरवडत बसलो. जोर लावून चार फटके मारले असते, तर नंबर कायमचा गेला असता आणि कोणाला कळलंही नसतं. मग निळ्याखाली दाजींचा जुना हिरवा रंग दिसला, आणि माझा हात आपोआप हलका झाला. पुट्टी मी खिळ्याच्या टोकाने उकरली, कणाकणाने. पाचला दहा कमी असताना नंबराची बाराच्या बारा अक्षरं मोकळी झाली. बाईंनी कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, नंबर पडताळला आणि सही केली.

चहा केव्हाच गार झाला होता.

"ताई, मघाशी मला बरं वाटलं होतं गं, अडलं तेव्हा," मी म्हणालो.

"दिसलं ना तुझ्या तोंडावर."

"तरी खरवडणी माझ्याच हातात दिलीस?"

"मी काढला असता नंबर, तर तू आयुष्यभर काठावरून ओरडत राहिला असतास." चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद पाडणारी दोरी तिने मनगटाला अडकवली. "जॅकेट घाल आणि बस मागे."

मी जॅकेट घातलं आणि दाजींच्या बोटीत, ताईच्या मागे बसलो.